खंजीर लागलेले शब्द

ऑक्सफर्डच्या इंग्रजी महाकोशात काही शब्दांच्या आधी एक बारीक खूण असते, उभ्या खंजिरासारखी. छापखान्यातली माणसं तिला ‘डॅगर’च म्हणतात. ही खूण ज्याला लागली तो शब्द वापरातून गेला, असं समजायचं. अशा शब्दाला इंग्रजीत ‘ऑब्सोलीट’ म्हणतात आणि ‘आर्केइक’ शब्दांपासून त्याला वेगळा काढतात. आर्केइक म्हणजे जुनाट. कुणी ठसक्यासाठी मुद्दाम वापरला तर निदान वाचकाला कळतो. ऑब्सोलीट शब्द वापरला तर समोरचा नुसता तोंडाकडे बघत राहतो. १९८९ साली या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तीत चालू वापरातल्या १,७१,४७६ शब्दांच्या संपूर्ण नोंदी होत्या आणि वापरातून गेलेल्या ४७,१५६. म्हणजे साधारण पाचांतला एक शब्द गेलेला.

एवढी अडगळ सांभाळायची कशाला? त्याचं उत्तर १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत दिलं गेलं. (त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, हा निव्वळ योगायोग.) रिचर्ड चेनेविक्स ट्रेंच या धर्मगुरूने तिथे तोवरच्या इंग्रजी कोशांचे दोष सांगितले. त्याचं म्हणणं असं, की कोशकार हा भाषेचा इतिहासकार असतो. कोणता शब्द चांगला आणि कोणता वाईट हे ठरवणं त्याचं काम नाही. इतिहास लिहायचा तर गेलेल्यांचीही नोंद हवी. पुढे जेम्स मरे या स्कॉटिश शाळामास्तराने ते काम अंगावर घेतलं. घराच्या बागेत पत्र्याची शेड उभारली आणि जगभरच्या हौशी वाचकांनी जुन्या पुस्तकांतून टिपून पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्या तिथल्या खणांमध्ये लावल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला, शेवटचा १९२८ साली. मरे स्वतः १९१५ सालीच वारला. एकदा कोशात आलेला शब्द पुन्हा बाहेर काढायचा नाही, ही रीत आजही पाळली जाते. उलटा प्रकार मात्र एकदा घडला. ‘बाँडमेड’ म्हणजे बटीक, गुलाम स्त्री. या शब्दाच्या चिठ्ठ्याच गहाळ झाल्या आणि तो कोशात यायचा राहून गेला. १९३३ सालच्या पुरवणीत त्याला जागा मिळाली.

शब्द एका रात्रीत जात नाही. मध्ये एक लांबलचक काळ असा असतो, की अर्ध्या मुलखाला तो कळतो आणि उरलेल्या अर्ध्याला दुसराच कळतो. अशा काळातला एक प्रसंग विल्यम कॅक्स्टनने लिहून ठेवला आहे. इंग्लंडात छपाईची कला आणणारा हाच तो माणूस. १४७६ साली त्याने वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की काही व्यापारी टेम्समधून जहाजाने समुद्रापलीकडच्या झीलंडला निघाले होते. वारा पडला, जहाज अडलं, म्हणून ते किनाऱ्यावर उतरले आणि खायला काही मिळतं का ते बघू लागले. त्यांच्यातल्या शेफील्ड नावाच्या कापडवाल्याने एका घरी ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. कापडवाला भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं; त्याला फक्त अंडी हवी होती. शेवटी दुसऱ्या कुणीतरी ‘आयरेन’ मागितली, तेव्हा बाईला उलगडा झाला.

दोघंही अस्सल इंग्रजीच बोलत होते. ‘आयरेन’ हे दक्षिणेकडचं, जुन्या अँग्लो-सॅक्सन घराण्यातलं अनेकवचन. ‘एग’ मात्र व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून उत्तर इंग्लंडात उतरलेला. कॅक्स्टनला प्रश्न पडला, की आता छापायचं काय? पुढे उत्तरेचा पाहुणा जिंकला आणि घरचा शब्द बुडाला. त्यात त्याची काही चूक नव्हती. तो उच्चारायला कठीण नव्हता, त्याचा अर्थ धूसर नव्हता, अंडी खायचंही कुणी सोडलं नव्हतं. दोन शब्दांना एकच काम उरलं की त्यांतल्या एकाची नोकरी जाते, आणि ती कुणाची जावी याला दरवेळी न्याय असतोच असं नाही. या बुडालेल्या शब्दाचा एक तुकडा मात्र लंडनमध्ये अजून नांदतो आहे. ‘कॉकनी’ म्हणजे लंडनच्या पूर्व भागातला अस्सल रहिवासी आणि त्याची बोली. कोशकार या शब्दाची फोड ‘कॉक’ आणि ‘आय’ अशी करतात: कोंबड्याचं अंडं! आधी विचित्र, वेडंवाकडं अंडं. मग लाडावलेलं पोर. मग नाजूक शहरी माणूस. आणि शेवटी लंडनकर, असा त्याचा प्रवास झाला.

छापखान्याने शब्दांबरोबर एका अक्षराचाही बळी घेतला. जुन्या इंग्रजीत ‘थ’च्या उच्चारासाठी ‘थॉर्न’ नावाचं स्वतंत्र अक्षर होतं. छपाईचे खिळे युरोपातून आले आणि तिकडच्या भाषांना या अक्षराची गरजच नव्हती. हस्तलिखितातला थॉर्न तोवर ‘वाय’सारखा दिसू लागला होता, म्हणून जुळाऱ्यांनी त्याच्या जागी सरळ ‘वाय’ बसवला. इंग्लंडातल्या पर्यटकी गावांत दुकानांवर ‘ये ओल्ड’ अशी सुरुवात असलेल्या पाट्या दिसतात, त्या इथून आल्या. त्यातला ‘ये’ म्हणजे साधा ‘द’ आहे. त्याला ‘ये’ म्हणून इंग्लंडात कुणी कधीच वाचत नव्हतं.

काही शब्द गेले तेव्हा त्यांच्याबरोबर विचार करायची एक सोयही गेली. मराठी माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त कशाची चीड येत असेल, तर ती ‘अंकल’ची. मामा, काका, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, सगळे एका पोत्यात. जुनी इंग्रजी अशी नव्हती. तिच्यात आईच्या भावाला ‘ईआम’ म्हणत आणि बापाच्या भावाला ‘फेडेरा’. मावशी ‘मोड्रिये’, आत्या ‘फाथु’. चारही नाती, चार वेगळे शब्द. त्यातही मामाचं नातं विशेष मानाचं. ‘बेओवुल्फ’ या जुन्या महाकाव्यातला नायक ज्या राजाचा निष्ठावंत सरदार आहे, तो हिगेलाक त्याचा मामाच.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, न्यायालय आणि उच्चकुलीन घरं फ्रेंच बोलू लागली आणि तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘अंकल’ आणि ‘आँट’ इंग्रजीत येऊन बसले. बड्या घरातली नाती ज्या शब्दांनी सांगितली जातात ते शब्द खालच्या घरांनाही हवेसे वाटतात. आज महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये शेजारच्या काकांना ‘अंकल’ होताना आपण बघतोच आहोत. ‘फेडेरा’, ‘मोड्रिये’ आणि ‘फाथु’ पार पुसले गेले. ‘ईआम’ तेवढा ‘ईम’ होऊन उत्तरेकडच्या बोलींत आणि स्कॉटलंडात बराच काळ तग धरून राहिला. ‘ईम्स’ या आडनावात तो आजही आहे. गंमत म्हणजे ‘अंकल’चं मूळ असलेला लॅटिन शब्द फक्त मामासाठीच होता आणि ‘आँट’चं मूळ फक्त आत्यासाठी. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने ‘अंकल आणि आँट’ हे जोडपंच जमत नाही. एक आईच्या माहेरचा, दुसरी बापाच्या घरची.

मेलेले शब्द सहसा असे सांदीकोपऱ्यात सापडतात. ‘रूथलेस’ सर्वांना माहीत आहे, पण ज्याच्याकडे ‘रूथ’ आहे असा माणूस इंग्रजीत उरलेला नाही. ‘रूथ’ म्हणजे कणव. (बायबलमधली रूथ वेगळी, ते हिब्रू नाव आहे.) ‘रेकलेस’मधला ‘रेक’ म्हणजे पर्वा. ‘अनकेम्प्ट’मधला ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेला. ‘अनकूथ’मधला ‘कूथ’ म्हणजे ओळखीचा. जो अनोळखी तो आडदांड, असं समाजाने परस्पर ठरवून टाकलं. त्याच मुळातून आलेला ‘किथ’ आता ‘किथ अँड किन’ या जोडीबाहेर दिसत नाही. ओळखीपाळखीची माणसं आणि नात्यागोत्याची माणसं, असा त्या जोडीचा अर्थ होता. हल्ली इंग्रजांनाही दोन्ही मिळून नातेवाईकच वाटतात.

‘निकनेम’मध्ये एक शब्द असा लपला आहे, की तो शोधायला पोलीसच हवेत. ‘ईक’ म्हणजे वाढ, भर. जादाचं नाव ते ‘ईकनेम’. त्याच्या आधी ‘ॲन’ हे उपपद लागायचं. भरभर बोलताना ‘ॲन’मधला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘निकनेम’ तयार झालं. याच्या उलट चोरीही झाली. पोटाशी बांधायच्या ‘नॅप्रन’चा ‘न’ उपपदाने पळवला आणि ‘एप्रन’ उरला. क्रिकेटच्या मैदानात उभा असलेला ‘अंपायर’ही मूळचा ‘नंपायर’च्या जवळचा, जोडीत न बसणारा, म्हणजे दोन्ही पक्षांबाहेरचा तिसरा माणूस.

पुरुषासाठी जुन्या इंग्रजीत दोन छान शब्द होते आणि दोन्ही गेले. ‘वेर’ हा त्यातला एक. लॅटिनमधला ‘विर’ आणि संस्कृतमधला ‘वीर’ हे त्याचे सख्खे भाऊबंद. त्या वेळी ‘मॅन’ म्हणजे नुसता माणूस, बाईही त्यात आली. पुढे ‘मॅन’नेच पुरुषाची जागा बळकावली आणि ‘वेर’ची गच्छंती झाली. आज तो ‘वेअरवुल्फ’मध्ये, म्हणजे रात्री लांडगा होणाऱ्या माणसात, शिल्लक आहे. ‘वर्ल्ड’मध्येही तोच दडला आहे, तो शब्द मुळात ‘माणसाचं युग’ असा होता. दुसरा शब्द ‘गुमा’. नवरीचा पुरुष तो ‘ब्रिडगुमा’. ‘गुमा’ विस्मरणात गेल्यावर लोकांना या शब्दाचा उत्तरार्ध निरर्थक वाटू लागला. त्यांनी कानाला जवळचा, ओळखीचा ‘ग्रूम’ तिथे बसवला. ‘ग्रूम’ म्हणजे त्या काळी पोऱ्या, नोकर. पुढे त्याच ‘ग्रूम’ला घोड्याची निगा राखणारा असा अर्थ आला. अशा रीतीने इंग्रजांच्या नवरदेवाचा मोतद्दार झाला.

पण इंग्रजीने गमावलेला सगळ्यात मोठा शब्द आहे ‘दाऊ’. म्हणजे आपला ‘तू’.

सुरुवातीला हिशेब साधा होता. एकाला ‘दाऊ’, अनेकांना ‘ये’, कर्म असेल तर ‘यू’. तेराव्या शतकापासून फ्रेंच रीतीच्या प्रभावाने मान्यवर व्यक्ती एकटी असली तरी तिला अनेकवचनात बोलायची चाल पडली, आपल्या ‘तुम्ही’सारखीच. मग सोळाव्या शतकापर्यंत एक नाजूक रचना तयार झाली. धनी नोकराला ‘दाऊ’ म्हणे, नोकर धन्याला ‘यू’. प्रेमिक एकांतात ‘दाऊ’ म्हणत. बरोबरीच्या माणसाला अचानक ‘दाऊ’ म्हटलं, की ती अरेरावी. ‘दाऊ’ हे क्रियापदही होतं. एखाद्याला ‘दाऊ’ करणं म्हणजे अरे-तुरे करणं. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये द्वंद्वाचं आव्हानपत्र कसं लिहावं याचा सल्ला देताना सर टोबी सांगतो, की दोन-तीनदा ‘दाऊ’ घातलंस तर बिघडणार नाही.

नाटकातली ही गोष्ट दोनेक वर्षांत कोर्टात खरोखरच घडली. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टर इथे सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. रॅले म्हणजे एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला दर्यावर्दी आणि दरबारी. सरकारची बाजू मांडणारा ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक पुरावा तोकडा पडू लागला तसा शिव्यांवर आला आणि भर न्यायालयात त्याने रॅलेला ‘दाऊ’ म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, तर मी तुला ‘दाऊ’ म्हणतो आहे हेही ठणकावून सांगितलं. कायद्याच्या पुस्तकांत कोकचं नाव आजही आदराने घेतलं जातं, पण त्या दिवशीचं त्याचं वागणं त्याच्या चाहत्यांनाही लपवता आलेलं नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत या शब्दाने माणसांना मार खायला लावला. जॉर्ज फॉक्सने स्थापलेल्या क्वेकर पंथाचं म्हणणं होतं, की देवापुढे सगळे सारखे, तेव्हा एका माणसाला अनेकवचनात बोलणं हे खोटंही आणि खुशामतीचंही. म्हणून ते न्यायाधीशापासून जमीनदारापर्यंत सर्वांना ‘दाऊ’ म्हणत, आणि वर टोपीही काढत नसत. समोरच्याला ती समता वाटायची नाही, उद्धटपणा वाटायचा. शिव्या, ठोसे आणि तुरुंग हे ठरलेलं. १६६० साली फॉक्सने दोन सहकाऱ्यांबरोबर एक जाडजूड पुस्तकच काढलं आणि जगातल्या कितीतरी भाषांत एकवचन आणि अनेकवचन वेगळं असतं याचे दाखले दिले. व्याकरणासाठी तुरुंगात जायची तयारी ठेवणारा पंथ इतिहासात विरळाच.

ते हरले. शहरांत कोण आपल्यापेक्षा वरचा आणि कोण खालचा हे ओळखणं कठीण होत गेलं, तेव्हा सर्वांना ‘यू’ म्हणणं सुरक्षित ठरलं. अठराव्या शतकापर्यंत शिष्ट इंग्रजीतून ‘दाऊ’ नाहीसा झाला. सर्वांना वर चढवून इंग्रजीने समता आणली, पण जवळीक दाखवायचं सर्वनाम गमावलं. यॉर्कशायरच्या खेड्यांत ‘दा’ अजून ऐकू येतो. बाकीच्यांना ‘दाऊ’ भेटतो तो प्रार्थनेत, कारण १६११ च्या बायबलने तो जपला. त्यामुळे एक उलटा गैरसमज रुजला: ‘दाऊ’ म्हणजे फार भारदस्त, देवाला शोभणारं संबोधन. वास्तविक देवाला ‘दाऊ’ म्हणणं हे विठोबाला ‘अरे’ म्हणण्यातलं आहे. मराठीत ते सांगावं लागत नाही, कारण आपण आईलाही ‘तू’च म्हणतो.

आता थोडं संशयाने बघायला हवं. हरवलेल्या सुंदर इंग्रजी शब्दांच्या ज्या याद्या फिरत असतात, त्यांत पहिला मान बहुधा ‘अप्रिसिटी’चा असतो. अर्थ आहे, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. इतका गोड शब्द लोकांनी टाकला तरी कसा, असा हळहळीचा सूर सोबत असतोच. खरी गोष्ट अशी, की तो कुणी टाकला नाही. कारण फारसा कुणी उचललाच नव्हता. तो ठळकपणे दिसतो तो १६२३ सालच्या हेन्री कॉकरमच्या शब्दकोशात. कॉकरमने लॅटिन शब्दांना इंग्रजी शेपट्या लावून ते ‘कठीण शब्द’ म्हणून विकले. स्त्रिया, विद्यार्थी, कारकून, व्यापारी आणि परदेशी लोक हे त्याचं गिऱ्हाईक. त्याच्या पुस्तकाचा एक भाग तर खास गावठी शब्दांना उंची पर्याय देण्यासाठी होता. त्यात ‘बल्बिटेट’ असंही क्रियापद आहे. अर्थ: चड्डीत घाण करणे. यादी करणाऱ्यांना ‘अप्रिसिटी’ आवडते, ‘बल्बिटेट’ही आवडतं; दोन्ही शब्द कागदावर जन्मले आणि कागदावरच राहिले. ‘आयरेन’ कळणारी बाई त्या किनाऱ्यावर खरोखर राहत होती. ‘अप्रिसिटी’ घेत अंगणात बसलेला इंग्रज शेतकरी कुणी पाहिलेला नाही.

कॉकरम एकटा नव्हता. सोळाव्या शतकात लॅटिन आणि ग्रीक शब्दांचा असा पूर आला, की त्यांना ‘इंकहॉर्न’, म्हणजे दौतीतले शब्द, असं हिणवलं जाई. १५५३ साली टॉमस विल्सनने वक्तृत्वावरच्या आपल्या पुस्तकात अशा शब्दांनी खच्चून भरलेलं एक विडंबनपत्र छापलं. आज ते वाचताना हसू येतं, पण विल्सनला अपेक्षित असलेल्या जागी नाही. त्याने चेष्टेला घेतलेले ‘इन्जेंट’ (प्रचंड) आणि ‘ऑब्टेस्टेट’ (विनवणे) खरोखर बुडाले. पण त्याच पत्रात, तितक्याच हास्यास्पद म्हणून, ‘कपॅसिटी’, ‘इन्जीनियस’ आणि ‘सेलिब्रेट’ही आहेत. आपल्याकडे आता पोराचा वाढदिवसही ‘सेलिब्रेट’ होतो.

उलट्या टोकाला सर जॉन चीक होता, केंब्रिजचा ग्रीकचा प्राध्यापक. इंग्रजीने परक्याचं कर्ज काढू नये, असा त्याचा आग्रह. १५५० च्या सुमाराला मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करताना त्याने शंभर सैनिकांवरच्या अधिकाऱ्याला ‘हंड्रेडर’ म्हटलं, चांद्रवेडाने झपाटलेल्याला ‘मून्ड’ आणि पुनरुत्थानाला ‘गेनरायझिंग’. शब्द सुबोध होते, देशी होते, आणि एकही चालला नाही. दौतीतल्यांपैकी बरेच जगले, चीकचे मातीतले सगळे मेले. यावरून भाषाशुद्धीवाल्यांना आणि त्यांच्या विरोधकांना हवा तो निष्कर्ष काढता येतो.

काही शब्द तर जन्मलेच नाहीत, तरी कोशात होते. वॉल्टर स्कीट या भाषाभ्यासकाने १८८६ साली त्यांना ‘घोस्ट वर्ड’, म्हणजे भूत-शब्द, असं नाव दिलं. ‘ॲबॅकॉट’ हा त्यातला नामांकित. दोन मुकुटांच्या आकाराचं राजाचं शिरस्त्राण, असं त्याचं वर्णन एका कोशातून दुसऱ्या कोशात उतरत गेलं. मरेने १८८२ साली माग काढला तेव्हा कळलं, की मूळ शब्द ‘बायकॉकेट’, एक प्रकारची टोपी; नकलाकारांच्या आणि जुळाऱ्यांच्या चुकांनी त्याचा ‘ॲबॅकॉट’ झाला होता. अमेरिकेत तर याहून बहार झाली. १९३१ सालच्या जुलै महिन्यात वेब्स्टर कोशाच्या रसायनशास्त्र संपादकाने एक चिठ्ठी पाठवली: ‘डी’ हे अक्षर, मोठं किंवा लहान, घनतेचं संक्षिप्त रूप म्हणून घ्यावं. चिठ्ठीतला ‘किंवा’, म्हणजे इंग्रजी ‘ऑर’, दोन ‘डीं’च्या मध्ये होता. कुणीतरी सगळं सलग वाचलं आणि ‘डॉर्ड’ नावाचा शब्द तयार झाला. १९३४ च्या आवृत्तीत तो छापलाही गेला: डॉर्ड म्हणजे घनता. १९३९ साली एका संपादकाच्या लक्षात आलं, की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही.

गेलेल्या इंग्रजी शब्दांतला एक गठ्ठा आपल्या दारातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्यांनी दोन-अडीच शतकं इथे एक खिचडी इंग्रजी चालवली. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी ती १८८६ साली ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात गोळा केली. बर्नेल कोश छापून येण्याआधीच, १८८२ साली, वारला. कोशाचं नावही खिचडीच: मोहरममधल्या ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचं गोऱ्या शिपायांनी केलेलं रूप.

त्यात ‘मॉर दे शियां’ अशी एक नोंद आहे. फ्रेंचमध्ये याचा अर्थ होतो, कुत्र्याचं मरण. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज पटकीला हे नाव वापरत. ज्या रोगात माणूस काही तासांत ओकून, जुलाब होऊन, आक्रसून मरतो त्याला हे नाव शोभलंही. पण कुत्र्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फ्रेंचांनी ते पोर्तुगीजांच्या ‘मोर्देशी’वरून आपल्या कानाला पटेल असं करून घेतलं होतं आणि पोर्तुगीजांना तो शब्द गोव्यात, कोंकणी-मराठी बोलणाऱ्यांकडून मिळाला होता. तो शब्द म्हणजे आपली ‘मोडशी’. ‘मोडणे’ या धातूवरून आलेली, शरीर मोडून पडतं ती. १५४३ साली गोव्यात आलेल्या साथीच्या वर्णनात हे नाव येतं. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ सालच्या औषधीविषयक ग्रंथातही ते आहे. हा ओर्ता मुंबई बेटाचा इजारदारही होता. १८१७ साली बंगालमधून निघालेली मोठी साथ जगभर पसरली, ‘कॉलरा’ हे नाव सर्वत्र झालं आणि ‘मॉर दे शियां’ला खंजीर लागला. मराठीत मोडशी जिवंत आहे, फक्त सौम्य झाली आहे. लग्नातल्या जेवणानंतर कुणाला मोडशी झाली तर घरातली मोठी माणसं आलं-लिंबाचा रस देतात.

याच कोशात ‘डिचर’ भेटतो, म्हणजे कलकत्त्यातला गोरा. १७४२ साली मराठ्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा कलकत्तेकरांनी भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत पोचलेच नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव राहिलं आणि त्याच्या आतल्या गोऱ्यांना ‘डिचर’ हे टोपणनाव पडलं. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तितक्याच प्रेमाने ‘डक्स’, बदकं, म्हणत. कारण इथला सुका बोंबील, ज्याला इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत. बोंबलाला बदक का म्हणावं, यावर अनेकांनी अनेक गोष्टी रचल्या आहेत. त्यातली एकही पटण्यासारखी नाही.

शेवटी एक शब्द, जो मायदेशी मेला आणि इथे ठणठणीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर उतरवा, ट्यूब जोडा, पुन्हा चढवा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी यावर तोडगा काढला. आऱ्या नसलेलं, हवा भरलेलं एक कडं त्यांनी बनवलं, जे फुटक्या चाकाच्या बाजूला पकडींनी आवळून बसवायचं आणि गाडी पुढे न्यायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्या चाकाचं नाव ‘स्टेपनी’. ते जगभर खपलं. पुढे मोटारींबरोबर सुटं होणारं पूर्ण चाक मिळू लागलं, आवळायचं कडं निकामी झालं आणि ब्रिटनमध्ये वस्तूमागोमाग शब्दही गेला. भारतात वस्तू गेली तरी शब्दाने नव्या चाकाची नोकरी धरली. शिवाय कुणाच्याही बदली माणसाला स्टेपनी म्हणायची टवाळी वर मिळाली.

स्टेपनी जिथे ठेवतात त्या ‘डिकी’चीही हीच कथा आहे. इंग्लंडात ‘डिकी’ म्हणजे घोडागाडीच्या मागे नोकरासाठी असलेली बैठक, नंतर मोटारीच्या मागची उघडझाप करणारी बैठक. तशा मोटारी निघायच्या बंद झाल्या आणि तिकडे सामानाच्या कप्प्याला ‘बूट’ म्हणतात. पुणे-सोलापूर रस्त्यावर टायर बसला, की ड्रायव्हर क्लीनरला सांगतो, “डिकीतली स्टेपनी काढ.” या वाक्यातली दोन्ही नामं इंग्रजी आहेत आणि आजच्या लंडनमधल्या मेकॅनिकला दोन्ही समजावून सांगावी लागतील.